खोगीरभरती

शिक्षकाचा व्यवसाय करीत असतांना लाल शाईनें आमच्या हातून जे शब्द वारंवार लिहिले गेले, त्यांत 'खोगीरभरती' हा शब्द बहुधा पहिला येईल. नववीच्या मुलानें पावसाळ्यावर दोन पानें लिहावीं आणि त्यांतील दीड पान काळ्या ढगांच्या वर्णनांत खर्चावें, असा प्रकार प्रतिवर्षीं घडे. आणि आम्ही समासांत तो शब्द लिहून त्याखालीं दोन रेघा ओढीत असूं. छत्तीस वर्षें हा शेरा आम्हीं मारला. परंतु खोगीर म्हणजे नेमकें काय, त्यांत भरती कशाची असते आणि ती कशासाठीं, याची आम्हांस कांहींएक माहिती नव्हती. ती वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं करून घ्यावी लागली. आणि ज्यांच्याकडून ती मिळाली, त्यांचे आम्ही दहा वर्षांपासूनचे ऋणको होतों. ती हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हकीकतीचा आरंभ सन २०१४ च्या वैशाखांत होतो. त्या वर्षीं आमच्या नातवाची मुंज डोंबिवलीस झाली. आमची स्वतःची मुंज कल्याणास, जुन्या वाड्याच्या अंगणांत झाली होती. आणि त्या दिवशीं आमची भिक्षावळ घोड्यावरून निघाली होती. स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागत असे असा तो काळ. घोडा पाहून कोणी थबकत नसे. नातवाचीहि भिक्षावळ तशीच निघावी, असा हट्ट आम्हीं धरला. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, हल्लींच्या रहदारींत घोडा नको, मोटार पुरे. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, परंतु त्यांच्याहि मनांत तें नव्हतें. तथापि अशा प्रसंगीं घरांत वडील माणसाचा शब्द चालतो, तसा तो चालला.

कल्याणांतील एक घोडेवाले ठरविले. लग्नाच्या वरातींस घोडी देण्याचा त्यांचा पिढीजात धंदा. ते सांगितल्या वेळीं आपली पांढरी घोडी घेऊन कार्यालयाच्या दारीं हजर झाले. घोडीच्या पाठीवर जुन्या पद्धतीचें, कापडाचें व आंतून भरीव असें खोगीर. त्याखालीं चौघडी केलेली काळी घोंगडी. आणि वर घालावयास जरीच्या गोंड्यांची मखमली झूल. घोंगडी जुनी होती, कडांना विरली होती, आणि तिला घोड्याच्या घामाचा उग्र वास येत होता. सूनबाईंच्या माहेरची मंडळी जमलेली, छायाचित्रकार समोर उभा. आम्हांस त्या घोंगडीची लाज वाटली. घरून आणलेली नवी कोरी साटिनची चादर आम्हीं पुढें केली आणि घोंगडी काढून तिच्या जागीं ती घालावयास सांगितलें.

"गुरुजी, घोंगडी असूं द्या," ते म्हणाले. "वर झूल येते, ती कुणाला दिसायची नाहीं. ती काढली तर खोगीर जागेवर राहायचं नाहीं."

"तुमच्या घोंगडीसाठीं मंडळी खोळंबली आहे," आम्ही म्हणालों. "सांगतों तेवढें करा. तंग जरा अधिक आवळा, म्हणजे झालें."

त्यांनीं एकवार आमच्याकडे पाहिलें आणि तंग आवळला. घोडीनें कान मागें पाडले व मान वळवून ती आपल्या कुशीकडे पाहूं लागली. त्याचा अर्थ त्या वेळीं आम्हांस कळला नाहीं.

भिक्षावळ फडके रस्त्यानें श्रीगणेश मंदिराकडे चालली होती. एका वळणावर समोरून रिक्षा आली. घोडी बिचकली नाहीं, उधळली नाहीं. केवळ अंग चोरून एका बाजूस झाली. तेवढ्यानें खोगीर, ओल्या पाटावरून तांब्या घसरावा तसें, तिच्या पाठीवरून फिरून पोटाकडे गेलें आणि बटु रस्त्यावर पडला. त्याच्या डाव्या मनगटाचें हाड मोडलें. घोडी मात्र जागच्या जागीं उभी राहिली, म्हणून अधिक अनर्थ टळला.

त्यानंतर आम्हीं जें केलें, तें आतां लिहावयासहि संकोच वाटतो. शंभर माणसांच्या देखत आम्हीं त्या घोडेवाल्यांस निष्काळजी म्हटलें, रागाच्या भरांत एकेरीवर आलों, आणि ठरलेल्या पैशांपैकीं निम्मेच त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनीं एक अक्षर उलट काढलें नाहीं. साटिनची चादर घडी करून त्यांनीं आम्हांस परत दिली, आपली घोंगडी काखेंत मारली आणि घोडीस चालवीत ते निघून गेले. नातवाचा हात दीड महिन्यानें बरा झाला. पुढें घरांत त्या प्रसंगाची गोष्ट निघाली कीं सर्वजण घोडेवाल्यांस दोष देत. आणि आम्ही तो देऊं देत असूं.

यानंतर दहा वर्षें लोटलीं. चिरंजीवांनीं मुरबाडच्या रस्त्यावर थोडी जमीन घेतली असून आठवड्याचे दोन दिवस तीं माणसें तेथें असतात. गेल्या दिवाळीनंतर तेथें एक घोडी आली. वरातीचा धंदा सोडणाऱ्या एका गृहस्थानें ती चिरंजीवांच्या गळ्यांत बांधली, असेंच म्हणावयास हवें. घोडी बुटकी, स्वभावानें गरीब, आणि पाठ पिंपासारखी वाटोळी. आमची नात तेरा वर्षांची आहे. तिनें त्या घोडीचा ध्यास घेतला. तिला बसावयास शिकावयाचें होतें. सूनबाईंनीं कांहीं दिवस ऐकून घेतलें, आणि मग एके रात्रीं जेवणें झाल्यावर त्या आम्हांस म्हणाल्या, "बाबा, खोगीर सरकणार नाहीं असं तुम्ही स्वतः पाहून सांगा. मग ती खुशाल बसूं दे."

दहा वर्षांत मुंजीच्या त्या दिवसाविषयीं त्यांनीं आम्हांस एक शब्दहि बोलून दाखविला नव्हता. या एका वाक्यांत तो सर्व होता. आम्हीं जबाबदारी पत्करली.

बाजारांतून आणलेलें पहिलें खोगीर इंग्रजी घाटाचें होतें. अशा खोगिराच्या पोटांत एक कठीण सांगाडा असतो. पूर्वीं तो लांकडाचा व पोलादी पट्ट्यांचा करीत. आतां प्लॅस्टिकसारख्या पदार्थांचाहि करतात. या सांगाड्याचें काम दुहेरी. बसणाऱ्याचें वजन तो लांबरुंद जागेवर वांटून देतो, आणि घोड्याचा कणा मधल्या पोकळींत मोकळा ठेवतो. घोड्याच्या मानेच्या मुळाशीं, दोन खांद्यांच्या मध्यें, हाडाचा एक उंचवटा असतो. सांगाड्याची पुढची कमान त्यावर बसते आणि त्या उंचवट्यामुळें खोगीर डावीउजवीकडे कलंडत नाहीं. आमच्या घोडीस हा उंचवटा जवळजवळ नव्हताच. आणि आणलेलें खोगीर तिच्या पाठीच्या मानानें अरुंद. तें रांजणावर उपडी वाटी ठेवावी तसें डुलत राही.

यावर आमचा उपाय जुनाच, तंग आवळा. परंतु तंग आवळतांना घोडा पोट फुगवून धरतो, आणि चार पावलें चालून त्यानें श्वास सोडला कीं तोच तंग सैल पडतो. म्हणून आम्ही तो पुन्हां आवळवीत असूं. चौथ्या दिवशीं घोडीच्या पुढच्या पायांमागें, तंगाच्या जागीं, केंस उडालेले दिसले, आणि पाठीवर दोन ठिकाणीं सूज आली. पाठीवर मारावें पण पोटावर मारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्हीं त्या मुक्या जनावरास दोहोंकडे मारलें होतें, आणि खोगीर तें सरकत होतेंच.

मग चिरंजीवांनीं नव्या प्रकारच्या खोगिराची गोष्ट काढली. त्यांत सांगाडा मुळींच नसतो, अथवा असला तर लवचिक असतो. त्यामुळें घोड्याची पाठ जशी असेल तसें तें बसतें, असें विकणारे सांगतात. हें ऐकून आम्हीं प्रथम पुस्तकें उघडलीं. कारण कोणतीहि वस्तु विकत घेण्यापूर्वीं तिची व्युत्पत्ति पाहण्याची आमची जुनी खोड आहे.

संस्कृतांत खोगिरास पर्याण म्हणतात. प्राकृतांत त्याचें पल्लाण झालें आणि मराठींत पलाण. जीन, लगाम, दुमची हे शब्द फारशींतून आले, रिकीब मूळ अरबी. 'तंग' हाहि शब्द फारसी. त्याचा अर्थच घट्ट, आणि 'तंग करणें' म्हणजे छळणें हें आमच्या घोडीस कोशावांचून समजलें होतें. परंतु सर्वांत मौज 'खोगीर' या शब्दाची. हा शब्दहि फारसी असून त्यांत घाम आणि धरणारा असे दोन अवयव आहेत. खोगीर म्हणजे मूळांत घाम धरणारें जाड वस्त्र! तेव्हां सांगाडा नसलेलें खोगीर ही कांहीं नवी युक्ति नव्हे. आपल्याकडे ज्यास खोगीर अथवा चारजामा म्हणत, तें कापडाचें व भरतीचेंच असे. रशियाच्या अल्ताय पर्वतांत पाझिरिक येथें बर्फांत गोठलेलीं प्राचीन थडगीं विसाव्या शतकांत उकरण्यांत आलीं. त्यांत घोड्यांच्या साजासह सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचीं खोगिरें मिळालीं. तींहि सांगाड्यावांचूनचीं, कण्याच्या दोन बाजूंस केंस भरलेल्या दोन गाद्या, आणि त्यांस पोटाखालून, छातीवरून व शेपटीखालून पट्टे.

विराटाच्या घरीं नकुल ग्रंथिक हें नांव घेऊन अश्वशाळेवर राहिला, ही कथा आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत सांगितली. ग्रंथिक या शब्दाची फोड आम्हांस येत होती. घोडीचा तंग कोठें येतो, तें येत नव्हतें. पुस्तकें येथपर्यंत घेऊन आलीं. पुढें घोडे ओळखणारा माणूस पाहिजे होता. म्हणून मार्गशीर्षांतील एके दिवशीं आम्ही माथेरानास गेलों.

माथेरानचें आमच्या जिल्ह्याशीं जुनें नातें आहे. सन १८५० मध्यें ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं तें स्थान हेरलें. १९०७ सालीं नेरळहून वर छोटी आगगाडी सुरू झाली. गांवांत मोटारींस मज्जाव असल्यामुळें दस्तुरी नाक्यापासून पुढें पायीं अथवा घोड्यावरून जावयाचें, ही तेथील रीत. अलीकडे विजेवर चालणाऱ्या रिक्षा आल्या आहेत, तरी घोडे अजून आहेत. रोज निरनिराळ्या आकाराचीं, निरनिराळ्या वजनांचीं आणि घोड्याचा गंध नसलेलीं माणसें पाठीवर घेऊन तांबड्या मातीच्या चढउतारांवरून चालणारे हे घोडे. तेव्हां खोगीर कां सरकतें हें या लोकांहून अधिक कोणास ठाऊक असणार?

नाक्याजवळ एक वृद्ध घोडेवाले सावलींत बसले होते. आम्हीं आमची अडचण सांगितली. ते उठले, जवळच्या घोड्याच्या खोगिराखालीं त्यांनीं हात घातला आणि आमचाहि हात घालावयास लावला. आंत जाड लोकरीचें कांबळें होतें. घामानें ओलसर, आणि घोड्याच्या केंसांस जणूं चिकटलेलें.

"काका," ते म्हणाले, "चढावर खोगीर शेपटीकडे जातं, त्याला छातीचा पट्टा. उतारावर मानेकडे जातं, त्याला दुमची. पण कुशीकडे फिरलं, तर त्याला कुठलाच पट्टा नाहीं. त्याला खालचं कांबळं आणि वरचा माणूस."

"आणि तंग?" आम्हीं विचारलें.

"तंग सोबतीला. लोक सगळा भार तंगावर टाकतात. घोड्याचा जीव घुसमटतो, आणि फिरायचं तें फिरतंच." मग हंसून ते म्हणाले, "नवखीं माणसं घोडा चांगला दिसावा म्हणून खालीं चकचकीत कापड घालतात. त्यावरून कुणीतरी पडल्याशिवाय राहत नाहीं."

त्या सत्पुरुषास आमच्याविषयीं कांहीं ठाऊक नव्हतें. त्यांनीं सहज बोललेलें तें वाक्य ऐकून आम्ही तेथील कट्ट्यावर बसलों. परत येतांना नेरळपासून डोंबिवलीपर्यंत गाडींत आम्हांस दुसरें कांहीं सुचलें नाहीं. घोंगडी काढली तर खोगीर जागेवर राहायचं नाहीं, असें एका जाणत्या माणसानें स्पष्ट मराठींत आम्हांस सांगितलें होतें. आम्हांस तें ऐकूं आलें होतें. ऐकूं आलें नसतें तर ती चूक ठरली असती; आम्हीं ऐकून बाजूस सारलें, कारण सांगणारा घोडेवाला होता आणि आम्ही गुरुजी होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कल्याणास गेलों. वाजंत्रीवाल्यांकडे चौकशी करीत करीत तिसऱ्या खेपेस त्या गृहस्थांचें घर सांपडलें. त्यांची पांढरी घोडी म्हातारी होऊन वारली होती. मुलगा रिक्षा चालवितो. ते स्वतः दारांत बसून वरातीच्या घोड्यांच्या झुली व खोगिरें दुरुस्त करून देतात. आम्ही नांव सांगण्याच्या आधींच ते म्हणाले, "गुरुजी ना? मुलाचा हात सरळ आला का?"

आम्हीं हात सरळ आल्याचें सांगितलें. मग त्या दिवशींची चूक आमची होती हें सांगितलें, आणि राहिलेले पंधराशें रुपये पुढें केले. त्यांनीं ते मोजले आणि खिशांत ठेवले. नको नको असें ते म्हणाले नाहींत, याचें आम्हांस बरें वाटलें. देणें हें देणेंच होतें. थोड्या वेळानें ते म्हणाले, "चूक माझीही होती. घोडी माझी, खोगीर माझं. तुम्ही कितीही म्हणालात तरी घोंगडी काढायला नको होती. पण लग्नसराईचे दिवस होते. गिऱ्हाईक नाराज झालं तर पुढचं काम जातं."

या उत्तरानें आमचा अपराध हलका झाला नाहीं. उलट त्याचें दुसरें एक अंग दिसलें. ज्याच्या हातीं पैसा असतो, त्यानें एकदां आवाज चढविला कीं जाणत्याचें ज्ञानहि मुकें होतें.

आम्हीं नव्या खोगिराची गोष्ट काढली. ते म्हणाले, "खोगीर दाखवूं नका. आधीं घोडी दाखवा." पुढच्या रविवारीं चिरंजीव त्यांस मोटारींतून मुरबाडच्या जागेवर घेऊन गेले. त्यांनीं घोडीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनीं तळवा फिरविला, दाबून पाहिलें, आणि मग आमच्या नातीस घोडी समोरून चालवीत नेण्यास सांगून ते मागें उभे राहिले. दोन फेऱ्यांनंतर म्हणाले, "उजव्या मागच्या पायांत कसर आहे. तो बरा होईपर्यंत कुठलंही खोगीर एका बाजूलाच जाणार." पशुवैद्यांनीं पाहिलें तेव्हां त्या पायाचा खूर वेडावांकडा वाढल्याचें आढळलें. नालबंदाकडून तो कापून घेतला, आणि महिनाभर घोडीस विश्रांति दिली. पुढें आमच्या वाचनांत आलें कीं मागच्या पायाची बारीकशी लंगड हें खोगीर एका बाजूस सरकण्याचें एक कारण असतें, आणि तें मालकास पुष्कळदां दिसतच नाहीं, असें इंग्लंडांतील पशुवैद्यांनीं अलीकडे पद्धतशीर पाहणी करून दाखविलें आहे. कल्याणच्या या गृहस्थांनीं तें दोन फेऱ्यांत पाहिलें.

खोगीर शेवटीं सांगाड्यावांचूनचेंच घेतलें. कानपूर हें आपल्या देशांत घोड्यांचा साज बनविण्याचें मोठें केंद्र आहे. तेथील बनावटीचें एक मिळालें. परंतु सांगाडा नाहीं म्हणजे सर्व दोष गेले, अशी समजूत वाचकांनीं करून घेऊं नये. पाश्चात्य देशांत खोगिराखालीं दाब मोजणाऱ्या गाद्या घालून जीं मापें घेतलीं गेलीं, त्यांत असें आढळलें कीं अशा मऊ खोगिरांत बसणाऱ्याचें वजन त्याच्या बैठकीखालच्या थोड्या जागेवरच एकवटण्याचा संभव अधिक. म्हणून बसणारा हलका हवा, बैठक फार वेळची नको, आणि खालीं जाड गादी हवी. आम्हीं स्वतःविषयीं विचारलें तेव्हां आमच्या पोटाकडे पाहून ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही नाहीं."

आतां भरतीविषयीं. नव्या खोगिराच्या खालच्या अंगास कण्याच्या दोन बाजूंनीं दोन गाद्या होत्या. त्या त्यांनीं उसविल्या, आंतील स्पंजाचा चुरा काढून टाकला आणि पिंजलेली लोकर भरली. घोडीचा डावा खांदा उजव्याहून बारीक होता, म्हणून त्या बाजूस चिमूटचिमूट अधिक घातली. वर हात दाबून पाहावें, पुन्हां थोडी काढावी, पुन्हां घालावी, असें तें काम दोन दिवस चाललें. गांठ राहिली तर ती पाठीस टोंचते. पोकळी राहिली तर भोंवतालच्या जागेवर ओझें येतें. दोन गाद्यांमधील वाट बुजली तर भार कण्यावर पडतो. भरती कमी झाली तरी खोगीर सरकतें आणि फार झाली तरी सरकतें. आम्ही शेजारीं बसून पाहत होतों आणि समासांतील तो लाल शब्द पुन्हां पुन्हां डोळ्यांपुढें येत होता.

घोंगडी आम्हीं स्वतः आणली. मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौषी पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांच्या बाजाराइतकाच तेथील घोंगड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. काळ्या लोकरीची, खरखरीत, जाड अशी एक निवडली. लोकर घाम शोषून घेते आणि केंसांस धरून राहते. साटिनास यांतील एकहि गुण नाहीं. घोंगडी घालण्याचीहि रीत आहे. ती थोडी पुढें, मानेकडे ठेवून मग मागें ओढावयाची, म्हणजे खालचे केंस सरळ बसतात. आणि मधोमध ती वर उचलून खोगिराच्या पोकळींत घ्यावयाची, म्हणजे कण्यावर ताणली जात नाहीं.

ज्यांच्या घरीं अशी हौस उत्पन्न झाली असेल, त्यांच्यासाठीं आम्ही शिकलों तें थोडक्यांत सांगतों. तंग एकदम आवळूं नये. बांधतांना, बसण्यापूर्वीं आणि शंभरएक पावलें चालल्यावर असा तीन वेळां पाहावा, आणि त्याखालीं दोन बोटें सपाट जातील एवढाच ठेवावा. जमिनीवरून रिकिबींत पाय देऊन, खोगीर ओढीत चढूं नये; ओट्यावरून अथवा दगडावरून चढावें, आणि दुसऱ्या माणसानें पलीकडची रिकीब धरून ठेवावी. दोन्ही रिकिबी सारख्या लांबीच्या आहेत ना, तें मोजून पाहावें. फेरी झाल्यावर खोगीर काढून पाठीवरील घामाचें चित्र पाहावें. कण्याच्या दोन्ही बाजूंस ओल सारखी असेल तर ठीक, ओल्या जागेंत मध्येंच कोरडा ठिपका दिसला तर तेथें दाब अधिक आहे असें समजावें. जुन्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केंसांचे ठिपके दिसतात, ते पुष्कळदां अशाच दाबाच्या जखमांचे असतात. आमच्या घोडीच्या पाठीवर असे तीन आहेत. तिनें किती नवरदेव मिरविले असतील कोण जाणे!

माघांत एके सकाळीं सर्व सिद्धता झाली. सूनबाई अंगणांत येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीं आम्हांस विचारलें, "बाबा, सरकणार नाहीं ना?"

दहा वर्षांपूर्वींचे आम्ही असतों तर 'मुळींच नाहीं' असें ठणकावून सांगितलें असतें. आम्ही म्हणालों, "सरकेल. बोटभर सरकेल. मुळींच सरकणार नाहीं असें खोगीर कोणी करूं शकत नाहीं. म्हणून दर वेळीं पाहावें लागेल, आणि आम्ही पाहूं." त्यांनीं क्षणभर विचार केला, मग ओट्यावर बसलेल्या कल्याणच्या त्या गृहस्थांकडे पाहिलें. त्यांनीं मान हालविली. सूनबाई म्हणाल्या, "ठीक आहे."

नात ओट्यावरून चढली. पलीकडची रिकीब धरावयास नातू आपण होऊन पुढें झाला. त्या दिवसापासून तो घोड्यावर बसलेला नाहीं, आणि आम्हीहि त्यास कधीं आग्रह केला नाहीं. परंतु त्यानें ती रिकीब डाव्या हातानें, त्याच मनगटानें, चांगली घट्ट धरली होती. तीन फेऱ्या झाल्या. खोगीर अर्धें बोट डावीकडे गेलें. "ताई, तुम्ही डावीकडे झुकता, खोगीर नाहीं," असा निकाल ओट्यावरून मिळाला, आणि चौथ्या फेरींत नात सरळ बसली.

आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या दृष्टीस हा लेख पडला, तर त्यांस एवढेंच कळवावयाचें आहे कीं तो लाल शेरा आम्ही मागें घेत आहों. तुमच्या निबंधांत जी भरती होती ती वाईट होती हें खरें. परंतु तिला खोगिराची उपमा देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. खोगिरांतील भरती तोलूनमापून, हातानें चांचपून, ज्याच्या पाठीवर ती जावयाची त्याचा विचार करून घातलेली असते. ती दिसत नाहीं, आणि तिच्यावांचून वरचा माणूस खालीं येतो.